अमेरिकेतल्या मतांचा हिशेब कुणाकडे?

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. पदरचे एक कोटीहून अधिक डॉलर घालूनही ते तिघांत तिसरे राहिले. 2022 मध्ये मात्र डेट्रॉइट परिसरातून ते काँग्रेसवर निवडून गेले. या दोन्ही निवडणुकांचे कागद एकाच दारात मिळतील, असं समजून शोधायला बसाल तर निराश व्हाल.

आपल्याला सवय एका निवडणूक आयोगाची. अमेरिकेतलं फेडरल इलेक्शन कमिशन निवडणुका घेतच नाही. प्रचाराच्या पैशावर नजर ठेवणं हे त्याचं काम, तेही राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधीगृह एवढ्यांपुरतं. म्हणून ठाणेदारांच्या 2022 च्या प्रचाराचा जमाखर्च तिथे सापडतो. 200 डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव, व्यवसाय, तारीख, सगळं उघड. गव्हर्नरपदाच्या लढतीचा हिशेब मात्र मिशिगन राज्याच्या दप्तरात.

मतं तर त्याहून खाली, काउंटीत. मिशिगनमध्ये प्रत्येक काउंटीचं चार जणांचं मंडळ असतं, दोन्ही मोठ्या पक्षांचे दोन-दोन. मतदानानंतर 14 दिवसांत ते बेरजा तपासून निकाल प्रमाणित करतं, मग राज्याचं मंडळ. रात्री टीव्हीवर धावणारे आकडे बहुतेकदा असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेचे. ही संस्था 1848 पासून हे काम करते, तिच्यावर विश्वास ठेवावा. पण तो कच्चा हिशेब असतो. 2024 मध्ये ट्रम्प यांचा वाटा सुरुवातीला 50 टक्क्यांच्या वर दिसत होता. कॅलिफोर्नियातली टपाली मतं मोजून होईपर्यंत तो 49.8 वर आला. यात घोटाळा काहीच नव्हता, मोजणी चालू होती इतकंच.

काउंटीनिहाय जुने निकाल हवे असतील तर एमआयटीच्या इलेक्शन लॅबने ते फुकट ठेवलेत. मतदाराच्या मनातलं जाणायचं तर मिशिगन विद्यापीठात सुरू झालेली, 1948 पासूनची राष्ट्रीय निवडणूक पाहणी आहे.

आणि आपली माणसं? कार्नेगी एंडाउमेंटच्या पाहणीत 2020 मध्ये 72 टक्के भारतीय-अमेरिकनांचा कल बायडेन यांच्याकडे होता, 2024 मध्ये 61 टक्क्यांचा हॅरिस यांच्याकडे. हा मतदानाआधीचा कल, मोजलेली मतं नव्हेत. तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात 'इतके टक्के मराठी मतं अमक्याला' असं काही आलं, तर पुढे पाठवू नका. मराठी मतांची अधिकृत मोजणी अमेरिकेत कुणीच करत नाही.