बांधलेले इंजिन वाटेतच का बिघडते?

गाडीचे इंजिन बांधून झाले की मालकाला वाटते, काम संपले. मेकॅनिकलाही तसेच वाटते. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात मात्र ही समजूत महागात पडू शकते. इथे इंजिन बांधण्याचे सगळे काम अनेकदा एका छपराखाली होत नाही. हेड उतरवणे, पिस्टन काढणे ही कामे गावातल्या गॅरेजात होतात. सिलिंडरचे बोअरिंग आणि क्रँक घासणे यांना मोठी यंत्रे लागतात, म्हणून तो माल जळगावकडे जातो. काही जण अख्खे इंजिनच बाहेरगावी बांधून घेतात आणि तयार झाल्यावर पिकअपमध्ये किंवा ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या लहान टेम्पोत घालून गावी आणतात. या तास-दोन तासांच्या वाटेवर त्या इंजिनाची काळजी कोणी घ्यायची, हे सहसा कोणी ठरवलेलेच नसते. बांधणाऱ्याने हात झटकलेले असतात आणि बसवणाऱ्याचे काम अजून सुरू व्हायचे असते.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या मिनिटालाच होते. इंजिन उचलून थेट गाडीच्या पत्र्यावर ठेवतात, म्हणजे त्याचे सगळे वजन तळाच्या ऑइल चेंबरवर येते. बहुतेक गाड्यांचा हा चेंबर दाबून घडवलेल्या पातळ पत्र्याचा असतो, काहींत ओतीव ॲल्युमिनियमचा. चार सिलिंडरचे लोखंडी ब्लॉकचे डिझेल इंजिन दीडशे-दोनशे किलोच्या घरात जाते. तेवढे वजन पेलण्यासाठी चेंबर बनवलेलाच नसतो. त्याचे काम तेल साठवण्याचे. एखादा खडा किंवा बोल्टचे डोके खाली आले, तर पत्रा आत दबतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो किरकोळ पोचा वाटतो. पण चेंबरच्या आत, तळापासून जेमतेम काही मिलिमीटर वर, ऑइल पंपाची जाळी असते. पोचा नेमका तिच्याखाली आला की तेल ओढायची वाट अरुंद होते. इंजिन सुरू होते, सावकाश चालवताना तक्रारही करत नाही. रेस वाढली आणि पंपाला जास्त तेल लागले की दाब पडतो, बेअरिंग कोरडे पडते आणि काही किलोमीटरांत इंजिन जाम होते. मग बोल लागतो तो बोअरिंगवाल्याला किंवा बेअरिंगच्या कंपनीला.

म्हणून इंजिन ठेवायचे ते लाकडी चौकटीवर किंवा लोखंडी स्टँडवर, आणि त्याचे वजन ब्लॉकच्या बाजूंवर, फाउंडेशनच्या ब्रॅकेटवर आणि फ्लायव्हीलकडच्या हाउसिंगवर घ्यायचे. चेंबर अधांतरी राहिला पाहिजे. आपल्याकडे जुना टायर टाकून त्यात इंजिन बसवण्याची पद्धत आहे. ती नुसत्या पत्र्यापेक्षा नक्कीच बरी, कारण चेंबरचा फुगीर भाग टायरच्या पोकळीत जातो. पण टायर म्हणजे स्प्रिंग. इंजिनाच्या वजनाने तो एक सेंटिमीटर दबला, तर गणिताने त्यावरचे इंजिन सेकंदाला सुमारे ५ वेळा वर-खाली डोलू पाहते. पाट्याच्या स्प्रिंगवरच्या हलक्या मालवाहू गाडीचा हौदाही सेकंदाला साधारण २ ते ४ वेळा हलत असतो. दोन्ही लयी जवळ आल्या की हौद्याच्या छोट्या हेलकाव्याचा वर इंजिनाशी मोठा हेलकावा होतो. टायर वापरायचाच असेल, तर पट्टा आवळून तो आधीच दाबून टाकावा, म्हणजे इंजिन आणि हौदा एकत्र हलतात.

आवळायचे किती, याचेही गणित आहे. मालवाहतुकीसाठी युरोपात वापरले जाणारे ईएन १२१९५-१ हे मानक सांगते की रस्त्यावर माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ०.८ पट बल धरून बांधावे, बाजूला आणि मागे ०.५ पट. दीडशे किलोचे इंजिन घेतले, तर करकचून ब्रेक लागल्यावर ते १२० किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते. तेलकट पत्र्यावर घर्षण त्यातले फार तर ३० किलो पेलते. उरलेले ९० पट्ट्यांनी धरायचे. खाली जाड रबरी चटई टाकली की घर्षणच जवळपास ९० किलो पेलते आणि पट्ट्यांवर ३० उरतात. एका चटईने एवढा फरक पडतो!

पण हे सगळे हौदा सपाट असेपर्यंत. जळगाव-पाचोरा-भडगाव-चाळीसगाव हा रस्ता गावागावांतून जातो आणि गाव आले की गतिरोधक आला. गतिरोधकावरून मागचे चाक उतरते तेव्हा हौदा क्षणभर इंजिनाखालून निसटतो. त्या क्षणी इंजिनाचा भार हौद्यावर नसतो, आणि भार नाही तिथे घर्षणही नाही. इंजिन त्याच वेळी जागा सोडते. म्हणून नुसते पुढे-मागे अडवून भागत नाही, खाली ओढून धरणारा ताण सतत हवा. साधा दोर गचक्यांनी सैल होतो. रॅचेटचा पॉलिएस्टर पट्टा बराच टिकतो, तरी पहिल्या आठ-दहा किलोमीटरनंतर थांबून तो पुन्हा आवळावा. पट्टा बांधायचा तो इंजिन उचलण्याच्या कड्यांना आणि ब्रॅकेटला. मॅनिफोल्ड, ऑइल फिल्टर, अल्टरनेटर, सेन्सरची वायर यांच्यावरून पट्टा गेला की आवळतानाच नुकसान होते.

चेनकप्पीने उचलतानाही असाच हिशेब असतो. दोन कड्यांना लावलेल्या साखळ्या जितक्या आडव्या पडतात तितका त्यांच्यावरचा ताण वाढतो. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येक साखळीवर अर्ध्या वजनाऐवजी इंजिनाचे पूर्ण वजन येते. साखळी लांब घ्यावी.

पाचोऱ्याला इंजिन दुसऱ्या गाडीवर घालून नेण्याचा प्रश्न पूर्वीपासून ठाऊक असणार. पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची ‘पीजे’ रेल्वे ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर धावायची आणि शेजारचा मुंबई-भुसावळ मार्ग १६७६ मिलिमीटरचा. पीजेचे इंजिन स्वतःच्या चाकांवर त्या मोठ्या मार्गावर जाऊच शकत नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत ही गाडी थांबली आणि पुढे रुंदीकरणाचा विषय आला. पण आपल्या चाकांवर चालणारे यंत्र दुसऱ्याच्या चाकांवर चढले की त्याचे काय होते, हा प्रश्न रेल्वेलाच नव्हे, मोटारींच्या कारखान्यांनाही सतावत होता.

अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या जॉन आल्मेन यांनी १९३७ मध्ये याचे एक उदाहरण मांडले. नव्या कोऱ्या मोटारी ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच त्यांच्या चाकांची बेअरिंग खराब झालेली आढळत. मोटारी वाहून नेण्याचा प्रवास जितका लांबचा, तितके नुकसान जास्त. कोणत्या ऋतूत गाडी पाठवली याचाही परिणाम होई. कारण असे, की चाक फिरत नाही, पण प्रवासातली बारीक थरथर बेअरिंगमधल्या गोळ्यांना त्याच जागी पुढे-मागे घासत राहते. फिरते बेअरिंग स्वतःच वंगण पसरवत असते. थरथरणाऱ्या बेअरिंगमध्ये मात्र वंगण बाजूला ढकलले जाते, धातू धातूला घासतो आणि गोळीच्या जागी खळगा पडतो. जेट विमानांची इंजिने रस्त्याने नेताना हवेच्या स्प्रिंगचे ट्रेलर आणि धक्के शोषणारे स्टँड वापरतात ते याचसाठी.

मोटारीच्या क्रँकला बहुधा गोळ्यांची बेअरिंग नसतात, अर्धगोल पातळ शेल असतात. तिथे खळगे पडत नाहीत, पण वंगणाचा प्रश्न तोच. बांधताना लावलेले ऑइल पातळ असेल आणि इंजिन आठवडाभर पडून मग खडखडत आले, तर ते निथळून गेलेले असते. त्यामुळे जाणकार मेकॅनिक बांधताना चिकट असेंब्ली ल्यूब वापरतात. ते जागा सोडत नाही. अल्टरनेटर, वॉटर पंप आणि बेल्टच्या टेन्शनरमध्ये मात्र गोळ्यांची बेअरिंग असतात, म्हणून हे भाग शक्य तर वेगळे बांधून आणावेत.

आणि धूळ. खानदेशात हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते आणि नुकसान सगळ्यात जास्त हीच करते. इथली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टपासून झाली, रस्त्याची खडीही त्याच दगडाची. बेसॉल्टमधले फेल्डस्पार काठिण्याच्या मोह्स मापावर ६ च्या आसपास येते आणि धुळीत क्वार्ट्झ असेल तर ते ७. सिलिंडरचे ओतीव लोखंड त्याहून मऊ, आणि बेअरिंगच्या शेलचा वरचा थर तर मुद्दाम मऊ ठेवलेला. क्रँक आणि शेल यांच्यातली फट साधारण ३० ते ६० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. इंजिन भाराखाली चालताना तेलाचा थर काही मायक्रॉनवरच येतो. डोळ्याला न दिसणारा कण त्या थराला भेदून शेलमध्ये रुततो आणि क्रँकवर ओरखडे काढत बसतो. उघड्या हौद्यात, पुढच्या ट्रकची धूळ अंगावर घेत, इनटेकची तोंडे उघडी ठेवून आणलेल्या इंजिनाच्या सिलिंडरलाही असेच ओरखडे पडतात आणि ते लवकरच तेल खाऊ लागू शकते.

तोंडे बंद करायला चिंध्या कोंबण्याची सवय सोडली पाहिजे. चिंधीचे धागे सुटून तेलाच्या छिद्रांत अडकतात आणि पोर्टमध्ये खोल गेलेला बोळा विसरला जातो. प्लॅस्टिकची टोपणे किंवा भडक रंगाची रुंद चिकटपट्टी लावावी, म्हणजे बसवताना ती नजरेतून सुटत नाही. त्यावर पूर्ण इंजिनाला जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि वर ताडपत्री. पावसाळ्यात पिशवी आणखी गरजेची, कारण नुकतेच होनिंग केलेल्या सिलिंडरच्या उघड्या लोखंडावर गंज फार लवकर धरतो.

इंजिन उभेच आणावे, आडवे नाही. आडवे पडलेल्या इंजिनात उरलेले तेल रिंगांवरून सिलिंडरमध्ये उतरू शकते. द्रव दबत नाही. सेल्फ मारताच पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडीत बसवताना क्रँक उलटी फिरवू नये, हेही इथेच सांगायला हवे. तेलाच्या दाबावर चालणारा चेन टेन्शनर कोरड्या इंजिनात ढिला असतो आणि चेन दाता सोडू शकते.

इंजिन गॅरेजात उतरले की पहिले काम बोल्ट लावण्याचे नाही. चेंबरखाली आरसा आणि टॉर्च धरून पोचा शोधावा, संशय आला तर चेंबर खोलून जाळीचे अंतर पाहावे. टोपणे जेवढी लावली होती तेवढी निघाली का, ते मोजावे. इंजिन बसल्यावर नवे तेल आणि फिल्टर घालून पेट्रोल इंजिनाचे प्लग काढावेत आणि इग्निशन व इंधन बंद करावे. डिझेलमध्ये ग्लो प्लग काढावेत आणि इंधन तोडावे. मग थांबून-थांबून, सेल्फ गरम होऊ न देता इंजिन फिरवावे. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा विझला आणि मीटर लावून दाब दिसला, की मगच प्लग परत बसवून किल्ली फिरवावी.