वस्तीवरील वेल्डिंग : आजूबाजूच्या माणसांची आणि जनावरांची काळजी

खरिपाच्या पूर्वमशागतीआधी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, अवजारांच्या दुरुस्तीची कामे एकदम निघतात. वखराची पास, पेरणी यंत्राचे फण, रोटाव्हेटरची चौकट, ट्रॉलीचा फाळका असे काही ना काही जोडायचे असते. पूर्वी अवजार गावातल्या वर्कशॉपवर न्यावे लागे. आता लहान इन्व्हर्टर वेल्डिंग मशिन मोटारसायकलवरूनही येते. त्यामुळे काम थेट वस्तीवरच्या शेडमध्ये होते, आणि काही शेतकऱ्यांनी स्वतःचेच मशिन घेतले आहे.

सोय झाली, पण धोकाही घराच्या दारात आला. मुलांना सुट्ट्या असतात, गोठ्यात जनावरे बांधलेली असतात, वैरण वाळून कोळ झालेली असते आणि दुपारी वारा सुटतो. वेल्डिंग करणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा असतो, शेजारी उभ्या असलेल्यांच्या तोंडावर काहीच नसते. म्हणून सुरक्षिततेचा विचार मशिनपासून नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या जागेपासून सुरू करावा.

डोळ्यांना होणारी इजा

वेल्डिंगच्या ज्योतीतून डोळ्यांना दिसणाऱ्या प्रखर उजेडाबरोबर अतिनील किरणेही बाहेर पडतात. ती दिसत नाहीत, पण बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजतात. त्या वेळी काहीच दुखत नाही. त्रास काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री सुरू होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. दुपारी गंमत म्हणून पाहिलेले मूल रात्री रडत उठते आणि घरच्यांना कारणच लक्षात येत नाही.

सर्वांत जास्त धोका अवजार धरून ठेवणाऱ्या मदतनिसाला असतो. तो ज्योतीपासून हातभर अंतरावर असतो आणि टाका मारताना फक्त मान वळवतो किंवा डोळे मिटतो. बाजूने आणि चकचकीत पत्र्यावरून परावर्तित होऊन किरणे डोळ्यांपर्यंत येतातच. उघड्या हातांची, मानेची कातडीही उन्हाने भाजल्यासारखी लाल होते.

- मदतनिसाला वेल्डरइतकाच, म्हणजे १० किंवा ११ क्रमांकाच्या काचेचा मुखवटा द्यावा. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट असावा.
- उन्हाचा काळा गॉगल, एक्स-रेची फिल्म किंवा ओढणीआडून पाहणे हे संरक्षण नव्हे.
- शक्य असेल तेथे धरायला माणूस ठेवण्याऐवजी शिकंजा किंवा सी-क्लॅम्प वापरावा.

अंतर आणि आडोसा

अंतर दुप्पट केले की अंगावर येणाऱ्या किरणांची तीव्रता साधारण चौथाई होते. त्यामुळे अंतर हा बिनखर्चाचा उपाय आहे. ठिणग्या मात्र जमिनीवरून घरंगळत, उड्या मारत लांब जातात. म्हणून जळाऊ वस्तू ३५ फुटांच्या आत नसाव्यात, असा नियम औद्योगिक सुरक्षिततेत पाळला जातो. वस्तीवरही तोच धरावा. चुन्याची फक्की टाकून ३५ फुटांवर रेघ मारावी आणि मुलांना रेघेच्या बाहेर ठेवावे. ‘लांब उभा राहा’ म्हटल्याने मूल दोन पावले मागे सरते, रेघ मात्र त्याला समजते.

जागा कमी असेल, तर घराच्या आणि गोठ्याच्या बाजूला आडोसा उभा करावा.

- लोखंडी चौकटीला पत्रा लावून सहा-सात फूट उंचीचा आडोसा करता येतो. आतल्या बाजूला चकाकी नसलेला रंग द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा.
- खाली दीड-दोन फूट मोकळी जागा ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहते. त्या फटीतून ठिणगी बाहेर जाऊ शकते, म्हणून पलीकडची जमीनही साफ असावी.
- प्लॅस्टिकची ताडपत्री, शेडनेट किंवा गोणपाट आडोशाला वापरू नये. ते स्वतःच पेट घेतात.
- दावणीला बांधलेले जनावर स्वतःहून दूर जाऊ शकत नाही, मानही फिरवू शकत नाही. काम सुरू होण्यापूर्वी जनावरे दुसरीकडे बांधावीत.

आगीचा धोका : शेडमध्ये काय काय असते?

वर्कशॉप आणि शेतातील शेड यांतला मोठा फरक येथे आहे. आपल्या शेडमध्ये कडबा, सोयाबीनचे कुटार, रिकामे पोते, ठिबकच्या नळ्या आणि डिझेलचा कॅन एकाच छपराखाली असतात. भावाची वाट पाहत कापूस साठवला असेल, तर विशेष जपावे. कापसात शिरलेली ठिणगी आत धुमसत राहते आणि बऱ्याच वेळाने ज्वाळा दिसतात.

खते-औषधांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) स्वतः जळत नाही, पण आगीला ऑक्सिजन पुरवून ती भडकवते. धुरळणीचे गंधक तर सहज पेट घेते आणि त्याच्या धुराने श्वास कोंडतो. द्राक्ष बागायतदारांकडे ही दोन्ही एकाच खोलीत असू शकतात. त्या खोलीच्या भिंतीलगत वेल्डिंग करू नये.

- वैरण, कापूस हलवणे शक्य नसेल, तर अवजारच मोकळ्या जागेत न्यावे.
- जमिनीवरील पालापाचोळा झाडून पाणी शिंपडावे. मात्र वेल्डर उभा राहतो ती जागा कोरडी ठेवावी.
- दोन बादल्या पाणी, वाळूची पाटी आणि शक्य असल्यास अग्निशामक सिलिंडर हाताशी असावा. मशिन चालू असताना त्यावर किंवा वायरवर पाणी टाकू नये, आधी वीज बंद करावी.
- वाऱ्याच्या दुपारी काम टाळावे, सकाळी लवकर करावे.
- काम संपल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास एका माणसाने जागेवर लक्ष ठेवावे. मशिन गेले म्हणजे धोका गेला, असे नसते.

रिकामे पिंप कापू नये

डिझेल, ऑइल, थिनर किंवा कीटकनाशकाचे रिकामे पिंप कापून गव्हाण किंवा पाण्याचे भांडे करण्याची पद्धत आहे. पिंप रिकामे दिसले तरी आत वाफ साठलेली असते. वेल्डिंगची किंवा ग्राइंडरची ठिणगी पडताच स्फोट होऊन झाकण गोळीसारखे सुटते आणि कापणाऱ्याबरोबर समोरच्यालाही लागते. कीटकनाशकाचे पिंप तर धुऊनही चारा-पाण्यासाठी वापरू नये. ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीची दुरुस्ती वस्तीवर न करता जाणकार वर्कशॉपमध्येच करावी.

धूर कोणाकडे जातो?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला आहे. जीआय पाइपवरील जस्ताचा थर जळाला की पांढरा धूर निघतो. तो नाकातोंडात गेल्यास काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव असा त्रास होतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण मलेरिया किंवा फ्लू समजून भलतेच उपचार होऊ शकतात. डॉक्टरांना वेल्डिंगबद्दल आवर्जून सांगावे.

वाऱ्याची दिशा पाहून धूर घराकडे, गोठ्याकडे जाणार नाही अशी जागा निवडावी. जोडाजवळचा रंग व जस्ताचा थर आधी घासून काढावा. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांना दूर ठेवावे. बंद शेडमध्ये काम करू नये.

वीज, ग्राइंडर आणि तापलेले लोखंड

- आकडा टाकून किंवा सोललेल्या वायरीवर मशिन चालवू नये. योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलेल्या जोडणीवरूनच वीज घ्यावी.
- मशिनचा अर्थ क्लॅम्प जोडायच्या भागावर, जोडाच्या जवळ लावावा. पाण्याच्या पाइपला, गोठ्याच्या खांबाला किंवा दावणीच्या गजाला लावू नये. जनावरांना विजेचा झटका माणसापेक्षा कमी दाबालाही बसतो.
- ग्राइंडरचे गार्ड काढू नये. चाक फुटल्यास तुकडे चाकाच्या रेषेत उडतात, त्या रेषेत कोणी उभे राहू नये. खपली झाडतानाही सर्वांनी चष्मा वापरावा.
- जोड काळा पडला तरी तो बराच वेळ भाजण्याइतका गरम असतो. अनवाणी मुलांचा पाय त्यावर पडतो. खडूने ‘गरम’ लिहावे व थंड होईपर्यंत तेथे माणूस थांबवावा.

इजा झाल्यास काय करावे?

- ज्योत पाहून डोळे दुखल्यास : डोळे चोळू नयेत. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ थंड पाण्याची घडी ठेवावी, अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. दूध, बटाट्याचा रस, मध डोळ्यांत घालू नये. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नयेत. बधिर करणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब सल्ल्याशिवाय वापरल्यास बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.
- डोळ्यात कण रुतल्यास : काडीने किंवा पदराच्या टोकाने काढू नये. लोखंडाचा कण गंजतो, म्हणून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.
- भाजल्यास : २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नये.
- विजेचा धक्का बसल्यास : आधी वीज बंद करावी, मगच माणसाला हात लावावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांकावर संपर्क साधावा.

एक माणूस राखणीला

या सर्व गोष्टी वेल्डरला एकट्याला जमत नाहीत. मुखवटा तोंडावर घेतला की त्याला ज्योतीपलीकडचे काहीच दिसत नाही. मागून आलेले मूल किंवा कडब्यात पडलेली ठिणगी त्याला कळत नाही. म्हणून घरातील एका मोठ्या माणसाने फक्त राखणीचे काम करावे. रेघेच्या आत कोणी येऊ देऊ नये आणि कोणी आलेच तर काम थांबवायला लावावे. ज्योत पेटवण्यापूर्वी वेल्डरने मोठ्याने आवाज द्यावा आणि राखणदाराने ‘हो’ म्हटल्यावरच टाका मारावा.

गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांनी खरीपपूर्व बैठकीत बियाणे व बीजप्रक्रियेबरोबर या विषयासाठी दहा मिनिटे ठेवावीत. ३५ फुटांची रेघ बैठकीच्या जागेवरच प्रत्यक्ष आखून दाखवावी. आपल्या शेडपासून ती कोठपर्यंत जाते, हे पाहिले की कडबा कोठे हलवायचा ते शेतकऱ्याला लगेच ठरवता येते.