फुग्यातलं रक्त कुठे वळतं?

मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा बहुतेक वेळा कुणी शोधत नसतानाच सापडतो. करमाळ्यातला माणूस चक्कर येते म्हणून सोलापूरला किंवा पुण्याला जाऊन एमआरआय करून येतो आणि रिपोर्टात भलतीच ओळ निघते: ५ मिलिमीटरचा अ‍ॅन्युरिझम. घरातल्यांचा प्रश्न एकच असतो, ‘फुटणार का?’

शंभर प्रौढांपैकी साधारण तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि त्यातले बहुतेक जन्मभर फुटत नाहीत. फुटला तर मात्र मेंदूभोवती रक्त साचतं आणि जिवावर बेततं. उपाय आहेत. १९३७ साली वॉल्टर डँडी यांनी अमेरिकेत फुग्याच्या मानेला चिमटा लावून तो बंद केला; १९९० पासून मांडीतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमची गुंडाळी भरता येऊ लागली. पण दोन्हींत धोका आहेच. म्हणून न फुटलेल्या फुग्याला हात लावायचा की नुसतं लक्ष ठेवायचं, हे डॉक्टर आकार, जागा, वय, रक्तदाब आणि धूम्रपान पाहून ठरवतात. आत रक्त कसं फिरतं, याला त्या हिशेबात अजून जागा नाही.

खरं तर फुग्याची भिंत झिजते ती रक्तामुळेच. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, केत्तूर-कंदरच्या बाजूला, धार कुठे काठ खाते आणि पाणी कुठे थबकून गाळ टाकतं हे गावकऱ्यांना ठाऊक असतं. फुग्यातही तसंच होतं: रक्ताची धार एका बाजूवर आदळते, दुसरीकडे ते रेंगाळतं आणि गुठळी धरतं.

हे पाहण्याची युक्ती एमआरआयमध्येच आहे. एमआरआयच्या चुंबकात शरीरातले प्रोटॉन एका तालात डोलतात. चुंबकीय क्षेत्राला क्षणभर उतार दिला, की वाहत्या रक्तातले प्रोटॉन तो ताल चुकवतात; वेग जितका जास्त, तितकी चूक मोठी. तिन्ही दिशांनी आणि हृदयाच्या ठोक्याच्या प्रत्येक टप्प्यावर ही चूक मोजली की फोर-डी फ्लो एमआरआय तयार होतो.

ऐकायला सोपं, मोजायला अवघड. तंत्रज्ञाला वेगाची एक मर्यादा आधीच ठरवावी लागते. ती सेकंदाला ८० सेंटिमीटर ठेवली आणि रक्त १०० च्या वेगानं धावलं, तर पडद्यावर ते उलट्या दिशेला ६० नं जाताना दिसतं! मर्यादा वाढवावी, तर फुग्यातलं ५ सेंटिमीटरचं संथ वळण मोजमापाच्या गोंगाटात बुडतं. शिवाय हे चित्र एका ठोक्याचं नसतं. दहा मिनिटांच्या स्कॅनमधल्या शेकडो ठोक्यांची ती सरासरी असते.

त्याहून मोठी अडचण बारकाव्याची. चित्राचा एक ठोकळा साधारण १ मिलिमीटरचा, म्हणजे ५ मिलिमीटरच्या फुग्यात आडवे पाचच ठोकळे. त्यातले कडेचे अर्धे भिंतीत, अर्धे रक्तात. रक्त भिंतीला किती घासतं हेच तर हवं असतं आणि नेमकं तिथलंच मोजमाप सगळ्यात कच्चं.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात पावलोस व्लाकोस आणि विताली रेझ यांच्या गटांनी या कच्च्या जागेवर काम केलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी दोन रुग्णांच्या फुग्यांचे एमआरआय घेतले, त्यांच्याच मापाचे पारदर्शक साचे बनवले, त्यांतून रक्तासारखा द्रव खेळवला आणि त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा माग कॅमेऱ्यांनी काढला. तोच प्रवाह संगणकावरही सोडवला. प्रवाहाचा एकूण नकाशा तिन्ही पद्धतींत जुळला. भिंतीवरच्या घर्षणाचे आकडे मात्र जुळले नाहीत. एमआरआयचा आकडा कमी पडत होता. अशी शहानिशा झाल्याशिवाय या आकड्यांवर कुणाचं ऑपरेशन ठरवू नये, आणि अजून कुणी ठरवतही नाही.

आता दिशा आहे ती मोजमाप आणि भौतिकी यांची सांगड घालण्याची. रक्त मध्येच निर्माण होत नाही की नाहीसं होत नाही, एवढा एक नियम पाळायला लावला तरी एमआरआयच्या आकड्यांतला बराच गोंगाट गळून पडतो.

यातलं बरंचसं काम यंत्रापेक्षा त्याला दिलेल्या आज्ञांचं आणि नंतरच्या गणिताचं आहे. पवईच्या आयआयटी परिसरातल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेनं देशी बनावटीच्या १.५ टेस्ला एमआरआयवर काम केलं आहे, ते या दृष्टीनंही मोलाचं. यंत्र आपलं असलं की त्या आज्ञा लिहिणंही आपल्या हाती येतं.

रेझ यांनी २००८ मध्येच दाखवलं होतं, की गणितानं जिथे रक्त रेंगाळतं असं सांगितलं, त्या भागात रुग्णाच्या नंतरच्या स्कॅनमध्ये गुठळी दिसली. असा पडताळा घ्यायला त्याच माणसाचे जुने-नवे स्कॅन लागतात. ‘फुगा वाढला का’ हे ठरवतानाही डॉक्टर जुनी चित्रंच मागतात. त्यामुळे करमाळ्याच्या त्या घरात रिपोर्टाच्या कागदाबरोबर मिळालेली सीडीही जपून ठेवायला हवी. कागदावर ५ मिलिमीटर एवढंच लिहिलेलं असतं.