पडक्या गोठ्याचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण प्रामुख्याने देवालयांच्या संदर्भात वापरतो. तथापि गोमंतकात व बेळगाव परिसरात चिऱ्यांच्या भिंतींचे, कौलारू छपराचे जुने गोठे व भाताची कोठारे पडक्या अवस्थेत आढळतात. अशी वास्तू पाडण्याचा ठराव करण्यापूर्वी, ती दुरुस्त करून पाठशाळा, ग्रंथालय किंवा भक्तनिवास म्हणून उपयोगात आणता येईल का, याचा विचार अवश्य व्हावा.

बहुतेक पडझडीचे मूळ पाण्यात असते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कौल सरकले की वाशांवर पाणी ठिबकते, ओल्या लाकडाला वाळवी लागते आणि छप्पर खचते. त्यानंतर उघड्या पडलेल्या भिंतीही ढासळू लागतात. म्हणून प्रथम छप्पर दुरुस्त करावे आणि भिंतीच्या पायथ्याशी साचलेली माती काढून पाण्याला बाहेर उतार द्यावा. त्यानंतरच भिंती व जमीन यांचे काम हाती घ्यावे.

भिंतींसाठी सिमेंट वापरण्याचा मोह टाळावा. चिरा सच्छिद्र असतो. तो ओल शोषतो व कोरड्या दिवसांत ती बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा ही वाट मोकळी ठेवतो, तर सिमेंटचा घट्ट गिलावा ती अडवतो. ओल आत कोंडली की पोपडे सुटतात आणि चिरा भुसभुशीत होतो. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे. त्यापूर्वीची आपली कितीतरी देवळे व वाडे चुन्यातच उभे राहिले. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरवतात. गिलावा दिल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगडासारखा घट्ट होतो. त्यामुळे पातळ थर द्यावेत, ते लगेच सुकू देऊ नयेत आणि घाई करू नये.

गोठ्याची एक अडचण निराळी आहे. जनावरांच्या मूत्रातील क्षार भिंतींच्या खालच्या भागात मुरलेले असतात व ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात. तेथे आधी चुन्याचा कच्चा गिलावा द्यावा, त्याने क्षार ओढून घेतल्यावर तो खरवडून काढावा आणि गरजेप्रमाणे पुन्हा द्यावा.

नव्या वापरासाठी बदल करताना जुने झरोके बुजवू नयेत. खेळती हवा हीच ओलीवरची औषधी आहे. गव्हाणीची जागा पुस्तकांच्या फळीसाठी सहज उपयोगी पडते. स्नानगृहे व शौचालये मात्र मूळ भिंतींपासून अलग बांधावीत. तुळया व पाया यांची तपासणी जाणकार अभियंत्याकडून करून घेतल्याविना लोकांना आत प्रवेश देऊ नये.

वास्तू पाडण्यास एक दिवस पुरतो. पण ती उभारणाऱ्या गवंड्यांचे हस्तकौशल्य त्या दिवशी कायमचे लोपते. निर्णय घेताना याचे भान असावे, ही विश्वस्तांस व भाविकांस नम्र विनंती.