भरवशाची रायफल, परवडणारी रायफल

१९३२ साली अमेरिकी लष्करापुढे एक चांगली रायफल जवळजवळ तयार होऊन आली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात जॉन गॅरंड आणि जॉन पेडरसन हे दोघे संशोधक एकमेकांशी स्पर्धा करत अर्धस्वयंचलित रायफल घडवत होते, आणि दोघांनीही .२७६ इंची नव्या, लहान काडतुसावर भर दिला होता. काडतूस हलके, खांद्याला बसणारा धक्का कमी. जाणकारांचा कलही त्याच बाजूला होता. लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी मात्र नकार दिला. पहिल्या महायुद्धातली .३० इंची काडतुसे गोदामांत प्रचंड संख्येने शिल्लक होती, सैन्याच्या मशिनगन त्याच काडतुसावर चालत होत्या आणि महामंदीच्या त्या वर्षांत नव्या काडतुसासाठी पैसा नव्हता. त्यामुळे गॅरंडची .३० ची आवृत्ती पुढे नेण्यात आली आणि १९३६ साली ती ‘एम-१’ म्हणून सैन्यात दाखल झाली. मॅकआर्थर यांचा निर्णय संकुचित होता, लहान काडतुसाचे फायदे जगाला पुढे मान्य करावेच लागले, असे अनेक अभ्यासक म्हणतात. लहान काडतुसाबद्दल त्यांचे म्हणणे खरे आहे. पण स्वस्त आणि भरवशाची रायफल कशी निवडावी, या प्रश्नाचे उत्तर मला त्या नकारातच दिसते. रायफल कधीच एकटी विकत घेतली जात नाही. तिच्याबरोबर काडतूस, मॅगझिन, तेल, नळी साफ करायची दोरी, सुटे भाग आणि ती वापरणाऱ्या माणसाचे प्रशिक्षण हे सारे घ्यावे लागते. भरवसा आणि किंमत या दोन्ही गोष्टी या सगळ्यात मिळून ठरतात, त्यामुळे नुसत्या रायफलीची किंमत पाहून निवड करणारा हमखास फसतो.

आधी यंत्र समजून घेऊ. जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलीत, म्हणजे आपल्याकडच्या थ्री-नॉट-थ्रीत, एक गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे ओढून रिकामे टरफल बाहेर काढायचे आणि बोल्ट पुढे ढकलून नवे काडतूस चेंबरमध्ये घालायचे. बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींत हे काम हाताऐवजी गोळीमागचा वायू करतो. नळीला पाडलेल्या छोट्या भोकातून थोडा वायू बाहेर येतो, पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्टला मागे नेतो, टरफल उडते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि येताना तो मॅगझिनमधले पुढचे काडतूस घेऊन येतो. चाप मात्र प्रत्येक गोळीसाठी नव्याने ओढावा लागतो. आता जे काम शिपायाचा हात परिस्थिती पाहून कमी-जास्त जोराने करत होता, ते ठरावीक वायूच्या ठरावीक दाबाने व्हायला हवे. काडतुसातली दारू बदलली, चेंबरमध्ये माती गेली, थंडीने तेल घट्ट झाले किंवा मॅगझिनच्या तोंडाच्या कडा किंचित वाकल्या, की जोराचा हिशेब चुकतो आणि रायफल अडकते. म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलीचा भरवसा हा मुळातच बाहेरच्या गोष्टींवर टांगलेला असतो.

सोव्हिएत रशियाने ही किंमत मोजली. १९३८-३९ मध्ये तिथे फ्योदोर तोकारेव्ह आणि सर्गेई सिमोनोव्ह यांच्या रायफलींत चुरस होती. सिमोनोव्हच्या रायफलीत सुटे भाग कमी होते, ती बनवायला सोपी होती. तरी स्टालिनचा कौल तोकारेव्हच्या बाजूने गेला. तोकारेव्हची सुधारित एसव्हीटी-४० ही वाईट रायफल अजिबात नव्हती. दहा गोळ्यांचे मॅगझिन आणि पाच टप्प्यांचा गॅस रेग्युलेटर तिला होता. ऋतू, काडतूस आणि रायफलीची झीज पाहून हा रेग्युलेटर योग्य टप्प्यावर ठेवला, वेळच्या वेळी साफसफाई केली, तर ती उत्तम चालत असे. सोव्हिएत नौसैनिकांच्या तुकड्यांनी ती नीट वापरली, जर्मन सैनिकांना ती हाती लागली की ते आनंदाने ठेवून घेत. पण १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन आक्रमणात प्रशिक्षित सैन्याचा मोठा भाग मारला गेला किंवा कैद झाला, आणि काही आठवड्यांच्या कवायतीवर आघाडीला पाठवलेल्या नव्या शिपायांच्या हाती तीच रायफल कुचकामी ठरली. रशियाने तिचे उत्पादन घटवून पुन्हा जुन्या बोल्ट-ॲक्शन मोसिन-नागां रायफलीकडे आणि साध्या पत्र्याच्या सबमशिनगनकडे मोहरा वळवला. रचना तीच होती. बदलला होता तो शिपाई, आणि त्याच्याबरोबर रायफलीचा भरवसाही गेला.

जर्मनीची चूक उलट्या बाजूची होती. तिथल्या लष्करी खात्याने कागदावर अटी घातल्या: नळीला भोक नको, पृष्ठभागावर हलणारे भाग नकोत, वायूने काम दिले नाही तर हाताने बोल्ट चालवता आला पाहिजे. नळीच्या तोंडाशी वायू पकडणारी गेव्हेर-४१ ही या अटींतून जन्मलेली रायफल जड, लवकर मळणारी आणि महाग निघाली. शेवटी त्यांनी पकडलेल्या तोकारेव्हमधली वायूची रचना उचलली आणि गेव्हेर-४३ बनवली. नळीच्या तोंडाशी वायू पकडण्याची हीच रीत गॅरंडच्या पहिल्या सुमारे पन्नास हजार रायफलींतही होती. अमेरिकनांना तिचे दोष लवकर दिसले आणि १९४० च्या सुमारास, युद्धात उतरण्यापूर्वीच, त्यांनी ती सोडून नळीला भोक पाडले. गॅरंडचे नाव झाले त्यामागे हे चार वर्षांचे दुरुस्तीकाम आहे, आणि त्याची किंमत कुठल्याच पावतीवर लिहिलेली नसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. एवढी कटकट असेल, तर हाताने चालणारी बोल्ट-ॲक्शनच स्वस्त आणि भरवशाची नव्हे काय? १९४० च्या अखेरीस अमेरिकी मरीन दलाने कॅलिफोर्नियात घेतलेल्या चाचण्यांत चिखल आणि खाऱ्या पाण्याच्या कसोटीवर जुनी बोल्ट-ॲक्शन स्प्रिंगफील्ड रायफल गॅरंडपेक्षा सरस ठरली होती. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच चाचण्यांत गोळीबाराच्या वेगात गॅरंड फार पुढे होती, आणि मरीन दलानेही अखेर गॅरंडच स्वीकारली. शिपायाला भरवसा हवा असतो तो अमुक सेकंदांत अमुक गोळ्या नेमक्या जागी पोचतील याचा. बोल्ट ओढताना नजर नेमावरून हलते, धरलेला पवित्रा मोडतो. तो वेळ आणि ते जीव हिशेबात धरले, तर बोल्ट-ॲक्शनचा स्वस्तपणा बराचसा ओसरतो. मात्र नीट जोपासना करण्याची ताकद ज्या सैन्यात नाही, त्याच्यासाठी मरीन दलाचा पहिला निष्कर्षच खरा आहे, हे १९४१ च्या रशियाने दाखवले.

स्वस्त उत्पादनाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे अमेरिकेचीच एम-१ कार्बाइन, गॅरंडच्या एम-१ हून वेगळी, आखूड आणि हलकी रायफल. ती साठ लाखांहून अधिक बनली, आणि बनवणाऱ्यांत बंदूक न बनवलेले कारखानेच अधिक होते: हिशेबाची यंत्रे करणारी आयबीएम, पैसे टाकून गाणी ऐकवणारे ज्यूकबॉक्स करणारी रॉक-ओला. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या कार्बाइनला बसला पाहिजे, हा दंडक होता. ज्या रचनेचे नकाशे परक्या कारागिरालाही पाळता येतात ती रचना स्वस्त होते, हा धडा मला नळीच्या लांबी-रुंदीच्या तपशिलांपेक्षा मोलाचा वाटतो.

तोकारेव्हकडून हरलेल्या सिमोनोव्हला पुढे न्याय मिळाला. ७.६२ बाय ३९ मिलिमीटरच्या आखूड काडतुसासाठी त्याने १९४५ मध्ये केलेली एसकेएस ही कदाचित जगातली सर्वांत साधी सैनिकी अर्धस्वयंचलित रायफल असेल. दहा गोळ्यांचे मॅगझिन रायफलीलाच जोडलेले, त्यामुळे ते हरवत नाही. वरून पट्टीने काडतुसे भरायची. कलाश्निकोव्हने तिला रशियन पायदळातून लवकरच बाजूला सारले, पण चीन, युगोस्लाव्हिया अशा देशांत ती लाखोंनी बनली. ज्या देशांत कायदा परवानगी देतो, त्या अमेरिका-कॅनडासारख्या देशांत ती पुढे शिल्लक माल म्हणून फार कमी दरात विकली गेली आणि गरिबाची शिकारी रायफल झाली. आता तिचा स्वस्तपणा तपासू. जुन्या साठ्यांतल्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळाल्यावर उरणारे क्षार हवेतली ओल ओढतात आणि नळी गंजवतात. नुसत्या तेलाने ते जात नाहीत, त्यांना पाण्यानेच विरघळवावे लागते. रशियन एसकेएसच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा असतो म्हणून ती तग धरते. युगोस्लाव्ह एसकेएसला सहसा तो नसतो, म्हणून तीच काडतुसे तिला लवकर खातात. साठवणीचे घट्ट ग्रीस बोल्टमध्ये तसेच राहिले, तर मोकळी फिरणारी फायरिंग पिन पुढे अडकते आणि बोल्ट बंद होतानाच गोळी सुटू शकते. तेव्हा दुकानातल्या किमतीवर काडतुसाचा प्रकार, मुलामा आणि साफसफाई यांची किंमत चढवायलाच हवी.

कोणी म्हणेल, कलाश्निकोव्हचे काय? ती धुळीत, चिखलात, अडाण्याच्या हातीही चालते, म्हणजे भरवसा रचनेतच असतो. यातला अर्धा भाग मान्य आहे. पण कलाश्निकोव्हचा पहिला पत्र्याचा सांगाडा इतका वाया जात होता की काही वर्षे अखंड पोलादातून कोरून ती बनवावी लागली. पत्र्यावर परतणे जमले ते १९५९ च्या एकेएमपासून. तिचे काडतूस निमुळते आहे, म्हणून ते सहज आत जाते आणि सहज बाहेर येते. म्हणजे तिथेही श्रेय रायफलीइतकेच काडतुसाला आणि कारखान्याला आहे. उलट बाजूने पाहायचे तर व्हिएतनाममधली एम-१६ पाहा. रचना आधुनिक होती. काडतुसातली दारू बदलली, चेंबरला क्रोम दिला नाही, साफसफाईची साधने पुरेशी पाठवली नाहीत, आणि शिपाई अडकलेली रायफल हातात धरून मेले. अमेरिकी संसदेच्या समितीने १९६७ मध्ये त्याची चौकशी केली. पुढे क्रोम आला, साधने आली, आणि तीच रायफल नीट चालू लागली.

भारताची कथा याच सूत्रात बसते. १९६२ मध्ये आपले जवान चीनच्या अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित रायफलींपुढे थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. त्यानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूर कारखान्यात बेल्जियन ‘फाल’च्या धर्तीवरची १ए१, म्हणजे जवानांची एसएलआर, बनू लागली: २० गोळ्यांचे मॅगझिन, लाकडी दस्ता, ७.६२ बाय ५१ मिलिमीटरचे जोरदार काडतूस. त्याच कारखान्याने त्याच काडतुसासाठी २ए१ ही बोल्ट-ॲक्शन रायफलही केली, जेणेकरून एसएलआर सगळीकडे पोचेपर्यंत दारूगोळा तरी एक राहील. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.  एसएलआर लांब होती, जड होती. १९८७ नंतर श्रीलंकेत तमिळ वाघांच्या (एलटीटीई) एके-४७ पुढे तिचा तोकडेपणा जाणवला. पण १९७१ च्या युद्धात ती होती, आणि अनेक राज्यांच्या पोलिसांकडे ती पुढे दशकानुदशके राहिली. तिच्यानंतरची इन्सास पुण्याच्या पाषाण भागातल्या संशोधन संस्थेत आखली गेली. तिच्यावर कारगिलमध्ये जी टीका झाली, तीत थंडीने तडकणारी प्लास्टिकची मॅगझिन ठळक होती. रायफलीच्या किमतीत मॅगझिनचा वाटा अगदी थोडा, पण हिमालयात भरवसा त्या थोड्याशा वाट्यावरच अडला.

आज उत्तर प्रदेशातल्या कोरवा इथे एके-२०३ रायफल बनते आहे, पुढेही नव्या खरेद्या होतील, आणि प्रत्येक वेळी बातमीत प्रति रायफल किती रुपये हा आकडा पहिल्या ओळीत येईल. वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या घरचे कोणी वर्दीत आहे अशांनी, त्या आकड्यावर थांबू नये. काडतूस कोठे बनते, मॅगझिन उणे तापमानात तपासले आहे का, सुटे भाग दुसऱ्या कारखान्याचे बसतात का, आणि नव्या जवानाला सरावासाठी वर्षाला किती गोळ्या मिळतात, एवढे चार प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना जरूर विचारा.