रसाचा पाक होताना

द्रव वाहतो तेव्हा तो सगळा एकाच वेगाने वाहत नाही. भांड्याच्या तळाला टेकलेला थर जागचा हलत नाही, त्याच्यावरचा जरासा सरकतो, त्याच्यावरचा आणखी थोडा जास्त. वेगाने जाणाऱ्या थराला संथ थर मागे ओढतो, आणि द्रवाच्या अंगच्या या ओढीलाच श्यानता म्हणतात. ही ओढ थराथरांतल्या वेगाच्या फरकाच्या प्रमाणात असते, असे न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त गृहीत धरले. पाणी, खाद्यतेल, साखरेचे द्रावण हे सारे या नियमाने चालतात. श्यानता सेंटिपॉइजमध्ये मोजतात. बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो याचा कसून अभ्यास करणारा फ्रेंच वैद्य पोआझय याच्या नावावरून हे एकक आले. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज भरते.

पाण्यासारख्या पातळ द्रवापासून न वाहणाऱ्या घनापर्यंतचा प्रवास एकाच भांड्यात पाहायचा, तर कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळघरासारखी जागा नाही. घाण्यातून निघालेल्या उसाच्या रसात साखर साधारण १८ ते २० टक्के असते. हजार किलो रसाचा गूळ करायचा म्हणजे आठशे किलोंच्या आसपास पाणी वाफेवाटे घालवायचे. एका आधणाला, म्हणजे एका वेळी उकळायच्या रसाला, दोन-तीन तास लागतात. चुलवाणात जाळव्या वाळलेली चिपाडे सारत असतो आणि काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, गुळव्याची नजर असते.

साखरेच्या द्रावणाची श्यानता एका चालीने वाढत नाही, आणि गुळव्याच्या कामातली सगळी अवघड जागा इथेच आहे. २० अंशांना २० टक्के द्रावणाची श्यानता जेमतेम २ सेंटिपॉइज असते. ४० टक्क्यांना ती सुमारे ६ होते, ६० टक्क्यांना अठ्ठावन्नच्या आसपास जाते आणि ७० टक्क्यांना ४८० च्या घरात पोचते. साखरेचा रेणू मोठा असतो आणि भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतो. पाणी भरपूर असेपर्यंत हे रेणू एकमेकांपासून दूर असतात. पाणी आटत गेले की त्यांना एकमेकांना चुकवून सरकायला जागा उरत नाही.

उष्णतेचा परिणाम नेमका उलटा होतो. रेणूंची हालचाल वाढते, एकमेकांवरची पकड सुटते आणि द्रव पातळ होतो. तेच ६० टक्के द्रावण ६० अंशांपर्यंत तापवले की श्यानता १० सेंटिपॉइजपर्यंत उतरते. काहिलीत हे दोन्ही परिणाम एकाच वेळी चालू असतात: आच पाकाला पातळ करत असते आणि आटणे त्याला घट्ट करत असते. सुरुवातीला आचेचे चालते, शेवटी आटण्याचे.

आचेचे चालते तोवरच मळी काढून घ्यावी लागते. रसात मातीचे कण, मेण, प्रथिने असतात. चुन्याची निवळी टाकली आणि रस तापला की त्यांचे पुंजके होतात. ठेचलेल्या रानभेंडीच्या सालीचे बुळबुळीत पाणी त्यात ओतले की त्याच्या चिकट तारांत पुंजके अडकतात आणि मळी होऊन वर तरंगतात. द्रवात लहानसा कण किती वेगाने वर येईल किंवा खाली बसेल, याचे गणित भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने १८५१ मध्ये मांडले. इतर सारे तेच राहिले तर श्यानता दुप्पट झाली की वेग निम्मा होतो. गरम पण न आटलेल्या रसात मळी झपाट्याने वर येते आणि झाऱ्याने काढता येते. तीच पाकात राहिली तर वर यायला तिला वाटच मिळत नाही, मग गूळ काळपट होतो. मळी वेळेवर निघाली नाही तर पुढची कितीही मेहनत गुळाला रंग आणू शकत नाही.

मळी निघाली की जाळ वाढवतात. पातळ रस खळखळून उकळतो, बुडबुडे बारीक असतात आणि लगेच फुटतात. रस आटू लागला की बुडबुड्यांभोवतीचे पापुद्रे निथळायला वेळ लागतो, फेस काठापर्यंत चढतो. तेव्हा थोडे तेल शिंपडले की तो बसतो. पुढे बुडबुडे मोठे होतात, सावकाश फुगतात आणि फुटताना पाकाचे शिंतोडे उडवतात.

तापमान १०५-१०६ अंशांवर असताना पाक उतरवला तर काकवी मिळते. तिच्यात पाणी बऱ्यापैकी शिल्लक असते, ती घट्ट असूनही धारेने पडते. ढेपेसाठी पाक ११६ ते ११८ अंशांपर्यंत न्यावा लागतो. पातळ रसात तळाचा गरम भाग आपोआप वर येतो आणि उष्णता सगळीकडे पोचते. दाट पाकात ही ये-जा मंदावते, तळाचा पाक तळालाच राहतो आणि करपतो. म्हणून शेवटच्या काही मिनिटांत ढवळणे क्षणभरही थांबवून चालत नाही. खोऱ्यावर येणारा जोर वाढत जातो, आणि पाक कुठवर आला हे ढवळणाऱ्याच्या हातालाच आधी कळते.

गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी वळतो. थेंब पसरला तर पाक कच्चा आहे, त्याची घट्ट गोळी झाली तर पाक आला. तापमापकाने पाणी किती उरले याचा अंदाज येतो, पण निवल्यावर पाक कसा वागेल हे कळत नाही. थंड पाण्यातला थेंब तेच दाखवतो, कारण तिथे आचेचा पातळपणा काढून टाकलेला असतो. ही परीक्षा साधी आहे, पण श्यानतेच्या दृष्टीने अगदी अचूक जागी केलेली आहे.

काहील उतरवून पाक निववण्याच्या उथळ वाफ्यात ओततात आणि घोटतात. आता श्यानता दोन कारणांनी चढते. पाक निवत असतो आणि त्यात साखरेचे बारीक स्फटिक धरू लागतात. द्रवात घन कण मिसळले की श्यानता किती वाढते, हे आइनस्टाइनने झुरिक विद्यापीठाला १९०५ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात काढले. ते त्याने लावून पाहिले साखरेच्याच द्रावणाला. विरघळलेले रेणू म्हणजे गोल कण, असे मानून त्याने रेणूचा आकार आणि अव्होगाड्रो संख्याही काढली. त्या गणितात चूक होती. १९११ मध्ये ती दुरुस्त झाली: आकारमानाच्या एक टक्का कण असतील तर श्यानता अडीच टक्के वाढते. हे सूत्र विरळ मिश्रणापुरते आहे. वाफ्यात स्फटिकांची दाटी होते, ते एकमेकांवर घासतात आणि पाक सूत्राच्या कितीतरी पुढे जातो. तो साच्यात भरायला वेळ थोडाच असतो. उशीर झाला तर पाक कोपऱ्यांत पोचत नाही आणि ढेपेत पोकळ्या राहतात.

ऊस तोडून बराच वेळ पडला असेल तर त्यातल्या काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. या दोन्ही शर्करा स्फटिक धरू देत नाहीत, मग पाक योग्य तापमानाला उतरवूनही गूळ बसत नाही, चिकट राहतो. याच शर्करा हवेतली आर्द्रता ओढून घेतात. पावसाळ्यात उघड्या ढेपेला पाणी सुटते, तिच्या पृष्ठभागावर पातळ पाक तयार होतो आणि तो खाली ओघळू लागतो.