रडू आवरायची शाळा झोळीत भरते

शहापूर म्हणजे भंडाऱ्याचा धानपट्टा. रोवणीच्या दिवसांत आई बांधीत चिखलात उभी, आणि धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी. लेकरू रडलं की मोठी बहीण झोका देते. मन शांत करायचा पहिला धडा हाच. तो कुणीतरी दुसऱ्यानं द्यावा लागतो!

थोडी तयारी पोटातच झालेली असते म्हणा. सोनोग्राफीत अंगठा चोखणारं बाळ दिसतं ना, तेच. जन्मल्यावर पहिले काही आठवडे मात्र ते रडतं ते बहुधा कोरडंच. डोळ्यांतून पाणी येत नाही. आणि रडणं शिगेला पोचतं साधारण सहाव्या आठवड्यात, म्हणजे नेमकं बाळंतिणीचा सव्वा महिना सरतो तेव्हा. पुढे ते आपोआप ओसरू लागतं. रात्ररात्र जागणाऱ्या नव्या आयांना हे आधीच सांगायला हवं.

जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या चमूनं २०२२ मध्ये अंगाईइतकीच कामाची गोष्ट सांगितली. रडणाऱ्या बाळाला घेऊन ५ मिनिटं चाला. झोपलं की लगेच खाली ठेवू नका, ५ ते ८ मिनिटं घेऊन बसा. बाळ दचकतं ते पाठ टेकल्यावर नव्हे, आईच्या अंगापासून सुटताना!

म्हणून तर आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी लागते. ती धुतली की पोरगं रुसतं, कारण वास जातो.

मोठ्यांसाठी सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे उच्छ्वास. श्वास घेताना हृदय जरा पळतं, सोडताना मंदावतं. सुस्कारा टाकून बरं वाटतं ते उगाच नाही. तोंडावर गार पाण्याचा हबका मारला तरी ठोके उतरतात.

समर्थ रामदासांनी मनाला समोर बसवून २०५ श्लोक ऐकवले. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की ताणात स्वतःशी 'मी' न म्हणता नावानं बोललं तर घालमेल कमी होते. वाट तीच.

भावनेला नाव दिलं तरी ती निवते. मेंदूतला भीती-संतापाचा भाग त्यानं थंडावतो, हे २००७ मध्ये कॅलिफोर्नियात मेंदूच्या स्कॅनवर दिसलं. तेव्हा आदळआपट करणाऱ्या पोराला 'गप बस' म्हणण्याआधी जवळ घेऊन विचारा, "काहून राग आला रे बापू?"